२६ किलो गहू आणि हवेची बोट

मागच्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता मी आमच्या धनकवडीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांद्यावर २६ किलो गहू घेऊन फेऱ्या मारत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५५ पावलं. अशा चार खेपा म्हणजे २२० पावलं. वॉचमनकाकांनी दोन खेपा नुसत्याच बघितल्या, तिसरीला न राहवून विचारलं, "ताई, गिरणी बंद आहे का?"

गिरणी चालू होती. मी बोटीचं इंजिन निवडत होते.

आमचं रविवार पेठेत ताडपत्रीचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता मी बघते. ट्रकची ताडपत्री, मांडवाचं कापड, शेततळ्याचा कागद, पावसाळ्यात गॅलरीला लावायचे पडदे. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गळ टाकून बसायचा नाद लावून घेतला. माझ्या माहेरची थोडी जमीन भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आहे. त्यातला एक तुकडा समोरच्या काठावर. पाण्यावरून सरळ गेलं तर सव्वा किलोमीटर, रस्त्याने वळसा घालून गेलं तर अर्धी सकाळ जाते. बोट हवी हे वाक्य घरात पहिल्यांदा कोण बोललं यावर अजून वाद आहे.

रबरी बोट मी जवळून पाहिली ती मात्र वेगळ्याच प्रसंगात. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडला एकतानगरीत शिरलं, तेव्हा माझी नणंद तिथेच राहत होती. दुपारी आम्ही तिला आणायला गेलो, तर बचाव पथकाच्या बोटी रस्त्याच्या कडेला ओढून ठेवलेल्या. नणंद रडत होती, मी तिला जवळ घेतलं होतं आणि माझा दुसरा हात मात्र बोटीच्या शिवणीवरून फिरत होता. धंदाच तसा. शिवण कुठलीच नव्हती, सगळे जोड चिकटवलेले, वरून चार बोटं रुंद पट्टी. हे काम कुणी केलं असेल, हा विचार त्या गर्दीतही मनात येऊन गेला. नणंदेला हे अजून सांगितलेलं नाही.

तर कापड. या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ज्या बोटी आहेत, पोहण्याच्या तलावात शोभतील अशा, त्यातल्या बऱ्याच नुसत्या व्हिनाइलच्या असतात. म्हणजे आत कापडच नाही, फक्त प्लास्टिकचा पापुद्रा. काटा लागला तर भोक तिथेच थांबत नाही, फाटत जातं. भाटघरच्या काठावर बाभळी आहेत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. खऱ्या बोटीच्या कापडात आत पॉलिस्टरचं विणकाम असतं आणि दोन्ही बाजूंनी लेप. ०.९ मिलिमीटर जाडीच्या मालावर बहुतेक ११०० डेसिटेक्स लिहिलेलं असतं, हे धाग्याच्या जाडीचं माप. आमच्या भाषेत साधारण १००० डेनियर, म्हणजे जवळपास ट्रकच्या चांगल्या ताडपत्रीचाच धागा. फरक लेपात. ताडपत्रीला पाणी अडवायचं असतं, बोटीला हवा, आणि हवा पाण्यापेक्षा फार चिकट गिऱ्हाईक आहे. नमुना हातात आला की मी तो दुमडते, घडीवर नखाने दाबते आणि उजेडासमोर धरते. घडीवर पांढरी रेघ उमटली तर माल परत.

लेप दोन प्रकारचे. एक पीव्हीसी, दुसरा हायपेलॉन. हायपेलॉन हे ड्युपाँट कंपनीचं नाव. त्यांनी ते बनवणं २०१० मध्ये बंद केलं. आता त्याच जातीचं रबर दुसरे कारखाने करतात, नाव मात्र तेच चिकटलंय, डालड्यासारखं. हायपेलॉन उन्हात पीव्हीसीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. पीव्हीसीत लवचिकपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य उन्हाने हळूहळू बाहेर येतं. आधी कापड चिकट लागतं, मग कडक होतं, मग तडकतं. हे मी पुण्याच्या उन्हात शेकडो ताडपत्र्यांवर पाहिलंय. उलट पीव्हीसी गरम हवेने वितळवून जोडता येतं, हायपेलॉन येत नाही, ते चिकटवावंच लागतं. त्यामुळे तिथे सगळी मदार सोल्युशन लावणाऱ्याच्या हातावर.

मला सगळ्यांनी हायपेलॉनच घे म्हणून सांगितलं. मी पीव्हीसी घेतलं. ज्यांची बोट महिनोन्महिने समुद्रकाठी उन्हात पडून असते त्यांनी जरूर हायपेलॉन घ्यावं. आमची बोट वर्षातले तीनशे दिवस दुकानाच्या पोटमाळ्यावर अंधारात घडी घालून असते. आणि उन्हात नेली तरी तिला अंगरखा शिवायला घरातच माणूस आहे.

तळाबद्दल. आडव्या लाकडी पट्ट्यांचा तळ असतो, तो सगळ्यांत हलका आणि स्वस्त, पण पायाखाली पाणी लपलपतं आणि उभं राहिलं की भात तुडवल्यासारखं वाटतं. ॲल्युमिनियमच्या फळ्यांचा तळ असतो, तो घट्ट, पण वजन चढतं आणि फळ्या बसवताना बोटं चेंगरतात. तिसरा हवेचा तळ, आणि त्याच्या मी प्रेमात पडले. ही हवेची गादी फुगवल्यावर गोल होत नाही, फळीसारखी सपाट राहते. कारण वरचं आणि खालचं कापड आतून हजारो उभ्या दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं. हवा भरली की सगळे दोरे एकदम ताठ. एका विक्रेत्याकडे कापलेला तुकडा होता. मी दोन्ही हातांनी तो किंचित उघडला तर आत दोऱ्यांचं रान. पाऊण बारपर्यंत दाब घेतो हा तळ, बाजूच्या ट्यूबच्या जवळजवळ तिप्पट. तीस वर्षं शिवणकाम करून मला असं काही सुचलं नसतं. त्या तुकड्यासाठी मी पैसे देऊ केले, त्याने नुसताच दिला. अजून गल्ल्याशेजारी ठेवलाय.

शेवटी २.७ मीटरची, हवेच्या तळाची बोट घेतली. दोन माणसं, एक डबा, एक गळ, क्वचित खताचं एक पोतं. किंमत इथे लिहीत नाही, नवऱ्याला मी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

हवेच्या दाबाचं एक सांगते, कारण यात आम्ही एक अख्खा दिवस घालवला. बाजूच्या ट्यूबमध्ये पाव बार दाब भरायचा असतो. आम्ही सकाळी कडक भरला, बोट पाण्यात सोडली आणि अर्ध्या तासात ती मऊ. नवरा म्हणाला, पंक्चर आहे. बाहेर काढली, साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. बोट उन्हात पडून राहिली आणि दुपारी ढोलकीसारखी टणक झाली. गळती नव्हतीच. गार पाण्याला टेकली की आतली हवा आकसते, उन्हात फुगते. २० अंशांना पाव बार भरलेली ट्यूब ५० अंशांना तापली तर दाब जवळपास ०.३८ बारवर जातो. म्हणून आता बोट पाण्यात ठेवून, दहा मिनिटं थांबून वरची हवा भरायची, आणि जेवायला काठावर आलो की थोडी सोडायची.

आता इंजिन. यात मला काही कळत नव्हतं आणि तिथेच मी माती खाल्ली.

जुनं ५ एचपीचं फोर-स्ट्रोक मिळालं, चालू स्थितीत, आवाज गोड. विकणाऱ्याने बादलीत चालवून दाखवलं. मी नाना पेठेतल्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिकचाचांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "इंजिन चांगलंय बेटा, पण दांडी मोजली का?" मी म्हटलं, दांडी म्हणजे काय? तोवर पैसे दिले होते.

छोट्या इंजिनाची दांडी, म्हणजे शाफ्ट, बहुतेक दोन मापांत येते. आखूड १५ इंची आणि लांब २० इंची. बोटीच्या मागच्या ज्या फळीवर इंजिन अडकवतात तिची उंची मधोमध, वरच्या कडेपासून खाली बोटीच्या तळापर्यंत मोजायची. आमच्यासारख्या छोट्या हवेच्या बोटींना ती १५ इंचांच्या आसपास असते. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. दांडी आखूड पडली तर पंखा पृष्ठभागावरची हवा खेचतो, इंजिन किंचाळतं आणि बोट हलत नाही. लांब पडली तर पंखा उगाच खोल जातो, पाणी ओढून धरतो आणि खाली जे काही असेल त्यावर आपटतो. आमची २० इंची होती. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "चालतं हो, लोक वापरतात."

आयुष्यभर गिऱ्हाइकाला "आधी माप आणा, मग बोला" असं सांगणाऱ्या बाईने बोटीचं इंजिन माप न घेता आणलं. यावर नवरा चार दिवस काहीच बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

भाटघर १९२८ पासूनचं धरण. त्याच्या पोटात जुने बांध, ताली, घरांची जोती, विहिरींचे काठ अजून आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरे गावचं बुडालेलं देऊळसुद्धा बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात. देऊळ दिसतं तेव्हा छान वाटतं. पण जे अजून फूटभर पाण्याखाली असतं ते दिसत नाही. एप्रिलअखेरीला आम्ही पलीकडच्या काठाकडे निघालो होतो. मी मागे इंजिनाशी, नवरा पुढे. एकदम खाडकन आवाज झाला, इंजिन उसळून परत खाली बसलं आणि लगेच त्याचा आवाज चढला. मूठ फिरवली की नुसता आवाज, बोट जागच्या जागी. समोर काठ दिसत होता, पण वारा आम्हाला बाजूला नेत होता.

वल्ही काढली. हवेच्या बोटीची वल्ही म्हणजे चमच्याने पातेलं ढवळण्यातला प्रकार, बोट वाऱ्याला फुग्यासारखी लागते. चाळीस मिनिटं लागली. काठावर जाळं सुकवत बसलेल्या काकांनी बोट ओढायला हात लावला, इंजिन वर उचललं आणि म्हणाले, "ताई, पंखा लई खाली गेलाय की. खाली आमच्या आज्याच्या खळ्याची भिंत हाये."

पंख्याला आणि दांडीला जोडणारी एक मऊ धातूची पिन असते. पंखा आपटला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे आतले गिअर वाचतात. चाचांनी दुसऱ्या दिवशी इंजिनाचं टोपण उघडलं, तर आत क्लिपमध्ये दोन सुट्या पिना. पूर्ण वेळ त्या आमच्याबरोबरच होत्या. पाच मिनिटांचं काम होतं, एक पक्कड लागते.

पण खरी शिक्षा त्या दिवशी अजून बाकी होती. गाडी जिथे उभी होती तिथून पाण्यापर्यंत जानेवारीत वीस पावलं होती. एप्रिलअखेरीला २२०. मधे सगळा गाळ, वरून वाळून भेगाळलेला आणि खाली अजून ओला. पाय टाकला की पापुद्रा मोडतो आणि घोट्यापर्यंत आत. इंजिन २७ किलोचं. नवऱ्याची कंबर आधीच धरलेली. आम्ही ते दोघांत धरून आणलं, चार वेळा ठेवलं, आणि गाडीत टाकताना घाईत चुकीच्या कुशीवर झोपवलं. फोर-स्ट्रोक इंजिन ठरलेल्या कुशीवरच आडवं करायचं असतं, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. पुढच्या वेळी सुरू केलं तर चाचांच्या गॅरेजमध्ये आषाढातलं धुकं.

म्हणून गहू.

लोक विचारतात, किती एचपीचं घेऊ? गंमत अशी आहे की बऱ्याच कंपन्यांची ४, ५ आणि ६ एचपीची इंजिनं म्हणजे आतून एकच इंजिन, वजन तेच, २५ ते २७ किलो. तसंच अडीच आणि साडेतीनचं, ते साधारण १७-१८ किलो. एक-दोन मॉडेलं १३-१४ किलोचीही आहेत. होंडाचं २.३ एचपीचं तर इतरांसारखं पाणी ओढून नाही, हवेने थंड होतं, म्हणजे गाळ खेचून पाण्याचा पंप खराब व्हायची भीतीच नाही. फक्त आवाज भयंकर. तर प्रश्न खरा १७ की २६ एवढाच. २६ किलो गव्हाने माझ्या दुसऱ्या खेपेला खांदा धरला, चौथ्याला मी थांबले. मग पोत्यातून नऊ किलो काढले. १७ किलोने मी चारही खेपा केल्या आणि वॉचमनकाकांशी बोललेही.

कमी ताकदीने आपलं काय बिघडतं? हिशेब सोपा आहे. बोट पाणी कापत चालते तोवर तिचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं. एवढे नॉट. आमची आठ फूट, म्हणजे ३.८ नॉट, ताशी सात किलोमीटर. अडीच एचपी तिथपर्यंत आरामात नेतं. त्यापुढे जायचं तर बोटीला पाण्यावर चढून घसरत जावं लागतं, आणि दोन मोठी माणसं बसवून हे करायला ८-१० एचपी हवं. आमच्या बोटीच्या पाटीवर जास्तीत जास्त ६ लिहिलंय. म्हणजे ५ एचपीने आम्ही करत काय होतो? मूठ पूर्ण पिळली की बोटीचं नाक आभाळाकडे, मागचा भाग खड्ड्यात, आणि वेग जेमतेम दोन किलोमीटर जास्त. सव्वा किलोमीटर जायला सात किलोमीटरच्या वेगाने अकरा मिनिटं लागतात. मला तेवढी घाई नाही.

विजेच्या इंजिनाचा विचार आम्ही मनापासून केला. नवऱ्याचा प्रस्ताव असा की स्वस्तातली विजेची मोटर घ्यायची आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी लावायची. अशी ५५ पौंड रेट्याची मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास खाते. १०० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे धड एक तास. आणि ती बॅटरी तीस किलोच्या घरात. आमची इन्व्हर्टरची तर त्याहून मोठी, ती हलवायला दोन माणसं लागतात. गव्हाचा प्रयोग पुन्हा करायची गरज पडली नाही. लिथियमवाली महागडी यंत्रं वेगळी. एक किलोवॉटची, बॅटरी सुटी होते, दोन खेपांत नेता येतं, पूर्ण जोरात तास-सव्वा तास आणि हळू चालवलं तर कितीतरी जास्त. खडकवासला, पानशेतसारखं पिण्याचं पाणी असेल तर तिथे पेट्रोलचं इंजिन लावायचा विचार मला स्वतःला करवत नाही. पुढेमागे पैसे जमले तर मी तेच घेईन. या वर्षी नाही जमले.

दिवाळीनंतर जुनं इंजिन विकलं. दांडी २० इंची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून विकलं. आणि अडीच एचपीचं, १५ इंची दांडीचं, १७ किलोचं नवं घेतलं. ते दुकानात आल्या आल्या मी फूटपट्टी लावली, चाचा हसत होते.

पेट्रोलची वेगळीच कटकट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या छोट्या इंजिनांच्या पुस्तकात बहुतेक दहाच टक्के चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत बरेच दिवस पडून राहिलं तर पाणी आणि अल्कोहोल खाली बसू शकतं आणि कार्बोरेटरमधली बारीक छिद्रं, म्हणजे जेट, चिकटतात. चाचांनी नियम घालून दिलाय. लागेल तेवढंच पेट्रोल न्यायचं, टाकी लिटरभराचीच आहे. परत निघताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवायचं, मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढायचे. पंपावर बाटलीत देत नाहीत ते बरोबरच आहे. पत्र्याचा कॅन घेऊन गेले तरी तिथल्या पोराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

परवानगीचं विसरू नका. इंजिन लावलेली बोट अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ खाली येते, आणि धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं. त्यांच्या कचेरीत अर्ज द्यावा लागतो. तलावातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून गळ टाकण्याआधी त्यांना विचारायचं. ते जाळंवाले काका संस्थेचेच निघाले. नवरा आता त्यांच्याच शेजारी बसतो आणि त्यांच्याच सल्ल्याने रिकाम्या हाताने परत येतो. जाकीट बोट पाण्यात सोडण्याआधी अंगात, आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला. याबद्दल आमच्यात चर्चा होत नाही.

या मेमध्ये काठ पुन्हा दोनशे पावलांवर गेलाय. गेल्या रविवारी मी इंजिन खांद्यावर घेतलं, नवऱ्याने पेट्रोलचा कॅन आणि वल्ही, आणि मधे एकदाच ठेवलं, तेही त्याला फोन आला म्हणून.

ट्यूबवर घालायचा अंगरखा मात्र अर्धाच झालाय. उजव्या बाजूचा शिवून बसवला, दोरीच्या कड्यांसाठी भोकं पाडली. डाव्या बाजूचं कापड बेतून मशीनवर ठेवलंय. पण जून तोंडावर आलाय, दुकानात सकाळपासून पडद्यांचे आणि ताडपत्रीचे गिऱ्हाईक, कारागीर गावी गेलाय आणि मशीनवर दुसऱ्यांचीच मापं चालू आहेत. तोवर बोट उजवी बाजू उन्हाकडे करून लावायची.